डावीकडची बट

बाभळवस्ती, नळदुर्गजवळ
२८ जानेवारी

चि. मोनिकास तुझ्या बानूआत्याचा पोटभर आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नको. कुणी आजारी न्हाय, कुणी गेलं न्हाय. उलट अशी गोष्ट घडलीय की चार दिवस माझा पाय जमिनीवर ठरंना, आणि तुला सांगितल्याशिवाय ठरणार पण न्हाय.

फोन का केला न्हाय म्हणशील. एक तर माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे, फोनवर मला 'हॅलो'च्या पुढं काही कळत न्हाय. दुसरं म्हणजे घरातला एकुलता एक फोन दिवाळीपासून तुझ्या बलभीममामांबरोबर मेंढरांमागं आळंदकडं गेलाय. पाऊस तोंडावर आल्याशिवाय ते काही परतायचे न्हाईत. राहिला रजियाबीचा फोन. त्याच्यावर काही आलं की अख्खा बचत गट वाचतो, आणि उत्तर काय द्यायचं तेही गटच ठरवतो. म्हणून हा कागद.

तर ऐक. आमचा गट माक्याचं तेल काढतो हे तुला माहीत आहे. यंदा चैत्री पौर्णिमेला तुळजापुरात ठेला लावायचा आणि बाटलीला छापील लेबल लावायचं ठरलं. कुणी म्हणालं जास्वंदीचं फूल छापा, कुणी म्हणालं देवळाचा कळस छापा. रजियाबी आमची अध्यक्ष. ती म्हणाली, "फुलं-पानं सगळेच छापतात. आपल्या बाटलीवर बानूची पाठ छापायची." सगळ्या हसल्या, मी पण हसले. ती मात्र हसली न्हाय.

माझे केस गं मोने! पाठमोरी उभी राहायचं, केस मोकळे सोडायचे, आणि तिची लेक मेहनाज फोटो काढणार. पोटरीपर्यंतचे केस पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचे आहेत सांग.

मी आधी न्हाय म्हणाले. मग घरी येऊन भाकरी थापता थापता व्हय म्हणाले, एकटीच, मोठ्यानं.

पण दोन अडचणी आहेत. पहिली तुझे मामा. आमच्या सासूबाई, नागम्मा, कायम म्हणायच्या की लग्न झालेल्या बाईनं केस मोकळे सोडायचे ते सुतकात न्हायतर अंगात आल्यावर. आणि कातर लावायची ती मेंढराला. त्या हे बोलायच्या तेव्हा तुझे मामा तिथंच तंबाखू मळत बसलेले असायचे. ते व्हय म्हणाले न्हाईत, न्हाय पण म्हणाले न्हाईत. तीस वर्षं मी त्याचा अर्थ 'व्हय' असाच धरलाय. म्हणून त्यांना यातलं अक्षर कळता कामा नये. तोंड दिसणार न्हाय, मग कळायचंच कसं?

दुसरी अडचण तुझ्या पार्लरच्या कामातली. रजियाबीनं केस सोडायला लावले आणि मागं जाऊन उभी राहिली. बराच वेळ बोलंना. शेवटी म्हणाली, "बानू, वर घोड्याची आयाळ आणि खाली उंदराची शेपूट." तेव्हा खालून थोडं कापून आकार द्यावा लागेल. कसला आकार देतात ते तू सांग. चार बोटं कापीन. त्याच्यावर एक केस न्हाय.

तुझी,
बानूआत्या

०

उमरगा
३ फेब्रुवारी

प्रिय आत्या, साष्टांग नमस्कार. नमस्कार करतानाही मी नाचतेच आहे असं समजा.

तुमचं पत्र मी पार्लरमध्येच वाचलं. खुर्चीत एका बाईंच्या भुवया अर्ध्या झाल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. त्या म्हणाल्या, काय वाईट बातमी आहे का? म्हटलं, अहो, माझी आत्या मॉडेल झाली! स्टँडमागच्या या गल्लीत पार्लर टाकल्यापासून माझ्याकडं आलेले सगळ्यात लांब केस कमरेपर्यंतचे. आणि आता पोटरी! आत्या, हे काम दुसऱ्या कुणाला दिलंत तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही.

आता नीट वाचा. केसांच्या खालच्या कडेला तीन आकार देतात. एक सरळ: पट्टी ठेवून ओढलेल्या रेघेसारखा. केस दाट दिसतात, पण रेघ आडवी असते, त्यामुळं बुटकी बाई आणखी बुटकी दिसते. (तुम्ही बुटक्या आहात असं मी म्हटलेलं नाही.) दुसरा टोकदार: मध्ये लांब आणि दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेला. लांबी जपली जाते, वेणी घातली की छान निमुळती दिसते. तिसरा गोल: टोकदारच, पण टोक बोथट केलेला, परातीच्या कडेसारखा. पार्लरच्या भाषेत यांना स्ट्रेट, व्ही आणि यू म्हणतात.

वाचून कळणार नाही म्हणून तिन्ही आकार वर्तमानपत्रातून कापून पाकिटात घातलेत. केस धुऊन, पूर्ण वाळवून, मोकळे सोडा. मान ताठ ठेवा. रजियाबींना सांगा, एकेक कागद केसांच्या खालच्या टोकावर धरून दहा पावलं मागं जाऊन बघायचं. कोणता शोभतो ते मला कळवा.

मामांचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पाठीला काय नाव असतं?

तुमची,
मोनिका

०

बाभळवस्ती
११ फेब्रुवारी

चि. मोनिका, आशीर्वाद.

काय सांगू तुला कालची दुपार! रजियाबीच्या अंगणात दार लावून घेतलं आणि मी केस सोडून खांबाकडं तोंड करून उभी राहिले. गटातल्या साऱ्या बायका मागं पोत्यावर बसल्या. रजियाबी कागद धरायची आणि मेहनाज ओरडायची, "नंबर एक!" मुलगी बघायला आल्यावर सुद्धा माझ्याकडं इतकं कुणी बघितलं नव्हतं.

मला मात्र काहीच दिसत नव्हतं. वळून बघावं तर केस पण वळतात आणि कागद पडतो. आपली पाठ आपल्यालाच दिसू नये हे देवानं बरं केलं न्हाय.

सरळ कागद लावल्यावर म्हातारी महेश्वरी म्हणाली, "दारावर पडदा लावलाय जणू." तो नंबर गेला. मग गोल आणि टोकदार यावर जुंपली. रजियाबीला टोकदारच पाहिजे. ती म्हणते, "लेबल उभट है, टोक खाली आके बराबर तेलाच्या नावावर टेकलं पायजे." बाणासारखं म्हणे! बाकीच्या म्हणतात गोल. चहा दोनदा झाला, निकाल लागला न्हाय. मेहनाज म्हणाली, ज्यानं रोज मागून बघितलंय त्याला विचारा. तशी सगळ्या माझ्याकडं बघून हसल्या आणि मी पदर तोंडावर घेतला.

माझ्या मनाला टोकदार बरा वाटतोय. लांबी राहते. तुझं काय म्हणणं? लवकर लिही, मला धीर निघत न्हाय.

बानूआत्या

०

उमरगा
१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

टोकदार नको. रजियाबींना माझा सलाम सांगा आणि नको म्हणून सांगा.

कारण सांगते. तुम्हाला तो मोठा टायफॉइड झाला होता आठवतं? तेव्हा निम्मे केस गळले. गळले ते पुन्हा आले, पण ते अजून मांडीपर्यंतच पोचलेत. पोटरीपर्यंत आहेत ते त्या तापातून वाचलेले, आणि ते थोडेच. म्हणून खाली विरळ. टोकदार कापलं तर मधले हे थोडे केस तेवढे लोंबत राहतील आणि उंदराची शेपूट आणखी उठून दिसेल. गोल केलं तर कड भरलेली दिसते आणि लांबीही फार जात नाही. तुमच्या अंगालाही गोलच शोभेल.

पण चार बोटांत भागणार नाही. वीतभर तरी जाईल. आत्ताच सांगते, नंतर खुर्चीत बसून रडायचं नाही.

आणि एक. काहीही झालं तरी कात्री स्वतः हातात घेऊ नका. वेणीवर तर मुळीच नको. वेणीत केस गुंडाळलेले असतात, तिथली चार बोटं म्हणजे मोकळ्या केसातली सहा. लग्नसराई आहे म्हणून मला येता येत नाही, तुम्हीच इकडं या. पुढच्या आठवड्यात कुठलाही दिवस चालेल.

मोनिका

०

बाभळवस्ती
१८ फेब्रुवारी

मोने,

तुझ्या उत्तराची वाट बघायला पाहिजे होती. मी बघितली न्हाय. मला आता तोंड दाखवायला जागा न्हाय, म्हणजे पाठ दाखवायला.

काल न्हाऊन वेणी घातली. मनात आलं, चार बोटंच तर कापायची, त्याला उमरग्याला कशाला जायचं? खुंटीला तुझ्या मामांची मेंढरं कातरायची कातर होती. धार मस्त आहे. वेणी उजव्या खांद्यावरून पुढं ओढली, चार बोटं मोजली, आणि देवाचं नाव घेऊन कच्च! एका दमात. मेंढराला पण इतक्या झटक्यात मोकळं करत न्हाईत.

बरं वाटलं गं आधी. हलकं वाटलं. वेणी सोडली आणि रजियाबीला हाक मारली. ती मागं गेली आणि पुन्हा बोलंना. आता मला तिच्या न बोलण्याचीच धास्ती बसलीय. म्हणाली, "बानू, डावीकडं खाली, उजवीकडं वर. छप्पर कलल्यावानी." हात लावून बघितलं तर खरंच डावी बाजू चांगली चार बोटं लांब! आणि मधे पायऱ्या.

आता काय छापायचं बाटलीवर? गटानं छापखान्याला शब्द दिलाय. मेहनाज म्हणते, गटातल्या कांताबाईच्या मुलीचे केस कमरेपर्यंत आहेत, सारखे आहेत, तिचा फोटो घेऊ. मी पण बरं म्हणाले. घरी येऊन बसले तेव्हा समजलं की मला ते किती पाहिजे होतं. बावन्नाव्या वर्षी काय हे खूळ! पण पाहिजे होतं मोने. या केसांनी मला आजवर काय दिलं? ओझं दिलं, तेल प्यायले, शिकेकाई खाल्ली. एकदा तरी ते कुणाला तरी दिसावेत असं वाटलं.

कापलेलं टोक मी फेकलं न्हाय. पिठाच्या डब्यामागं ठेवलंय.

बानूआत्या

०

उमरगा
२२ फेब्रुवारी

आत्या,

डोळे पुसा. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली, नाहीतर तुमच्या हातातून कातर मी पत्रानंच काढून घेतली असती.

झालं ते का झालं सांगते. वेणी उजव्या खांद्यावरून पुढं ओढलीत, तेव्हा डावीकडच्या केसांना मानेवरून वळसा घालून यावं लागलं. कापले सगळे एकाच जागी, पण मागं गेल्यावर डावीकडचे तेवढे लांब पडले. यात तुमचं नशीब फुटलेलं नाही, फक्त केस कललेत. सरळ करता येतात.

कांताबाईंच्या मुलीचा फोटो काढू देऊ नका. रजियाबींना सांगा, मोनिका म्हणाली आहे की आठ दिवस थांबा. केस कुठं पळून गेले नाहीत, डोक्यावरच आहेत अजून!

मंगळवारी पार्लर बंद असतं. सकाळच्या गाडीनं या, मेहनाजलाही कॅमेरा घेऊन आणा. वेणी घालू नका, सैल बुचडा बांधून या. आणि ती कातर घरी ठेवून या.

मोनिका

०

बाभळवस्ती
२ मार्च

चि. मोनिकास हजार आशीर्वाद, आणि ते पण कमीच.

घरी आल्यापासून मी चालते कमी आणि वळून बघते जास्त. कोंबड्या सुद्धा माझ्याकडं टकमक बघतात.

त्या दिवशी तुझ्याकडं नीट बोलता आलं न्हाय म्हणून लिहिते. तू मला उभं केलंस, केस ओले केलेस, विंचरलेस, आणि पहिली कात्री चालवलीस तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. कात्रीचा आवाज मला ऐकू येत न्हाय, पण तुझी बोटं पाठीला लागत होती. आधी डावीकडं, मग उजवीकडं, मग मधे. किती सावकाश गं! मला वाटलं आता गेले सगळे. मग तू म्हणालीस, "आत्या, बघा," आणि मागं एक आरसा धरलास, पुढं एक.

मोने, बावन्न वर्षांत मी माझी पाठ पहिल्यांदा बघितली. गुडघ्याच्या खाली बरोबर गोल कड, परातीसारखी, भरलेली. मला वाटलं ही कोण बाई उभी आहे? चांगली दिसतेय की!

आणि ती डावीकडची बट. बाकीचे सगळे केस शहाण्यासारखे खाली आणि ती एकटीच बाहेर वळून उभी. तू दोनदा बारीक कापलीस, केस सरळ करायचं मशीन फिरवलंस, पाणी मारलंस, ती पुन्हा बाहेर. मी विचारलं, "ही कधीपासून अशी आहे?" तू हसून म्हणालीस, "तुमचीच आहे आत्या, तुम्हाला ठाऊक नाही?" खरंच ठाऊक नव्हतं. मागचं काय ठाऊक असणार? मेहनाज म्हणाली, राहू दे, फोटोत जिवंत दिसतं. म्हणून राहिली.

रजियाबीनं फोटो बघितला आणि या खेपेला लगेच बोलली. म्हणाली, "टोक नसलं तरी चालतंय." रजियाबीकडून एवढं म्हणजे शाल-नारळच समज.

पण एक बोच लागलीय. तुझ्या मामांचा काल रजियाबीच्या फोनवर फोन आला. रजियाबीनं त्यांचं बोलणं माझ्या कानाशी ओरडून सांगितलं. मेंढरं बरी आहेत, चारा आहे, आणि शेवटी विचारलं, "घरचं काय नवीन?" मी म्हणाले, "काय न्हाय." तीस वर्षांत मी त्यांच्याशी खोटं बोलले न्हाय गं. छापून झालं की त्यांना सांगावं असं वाटतं. आणि सांगितल्यावर ते गप्प बसले तर? त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी काय लावू?

बानूआत्या

०

उमरगा
९ मार्च

प्रिय आत्या,

लेबलचा नमुना मेहनाजनं मला मोबाईलवर पाठवला. मी तो पार्लरच्या आरशावर चिकटवायला छापूनही आणला. येणारी प्रत्येक बाई विचारते, ही कोण? मी म्हणते, माझी आत्या, आणि कट माझा. आठवड्यात तिघींनी गोल कट मागितला. एकीचे केस खांद्यापर्यंत होते, तिला म्हटलं, आधी वाढवा.

मामांना आत्ताच कळवू नका. ते एवढ्या लांब, रानात, सोबत चार माणसं. अशी गोष्ट समोरासमोर सांगायची. पावसाआधी ते येतील, न्हाऊन केस वाळवत बसा, मग सांगा. तोवर पाठीला नाव नसतं हे लक्षात ठेवा.

मोनिका

०

बाभळवस्ती
२६ एप्रिल

चि. मोनिका, आशीर्वाद.

पौर्णिमा झाली, बाटल्या संपल्या! तुळजापुरात ठेल्याभोवती बायकांची ही रेटारेटी. आई राजा उदो उदो एकीकडं आणि माझी पाठ एकीकडं. बाटली हातात घ्यायच्या, लेबल बघायच्या आणि विचारायच्या, "खरे आहेत का हो केस?" मी डोक्यावरून पदर घेऊन मागंच बसलेली. रजियाबी म्हणायची, "खोटे असतील तर पैसे परत." एका बाईनं तर मलाच सल्ला दिला, "मावशी, तुम्ही पण लावा, या वयात पण उशीर झालेला नसतो." मी म्हणाले, लावीन.

पण ऐक, घात झाला. मामांच्या सोबतीला रणधीर असतो ना, त्याची बायको आली होती दर्शनाला. मला ओळखलं, पाया पडली, गप्पा मारल्या, आणि जाता जाता एक बाटली घेऊन गेली. तिला लेबलवर मी आहे हे कळलं न्हाय. पण ती बाटली आता तिच्याबरोबर मेंढवाड्यावर गेली. तुझे मामा रोज तिथंच जेवतात.

ओळखतील का गं? तू म्हणतेस पाठीला नाव नसतं. मी पण दिवसभर तेच म्हणते. तरी धुणं वाळत घालताना हात थांबतो.

बानूआत्या

०

मेंढवाडा, आळंदच्या अलीकडं
५ मे

मोनिकाबाईस बलभीममामाचा आशीर्वाद.

म्या चौथी शिकलोय. अक्षर किडामुंगीवानी हाय, संभाळून वाच. फोन हाय माझ्याकडं, पर हे फोनवर बोलायचं न्हाय, रणधीर कान लावून बसतुया. आन् तुमी दोघी कागदावर बोलता हे मला कवाच ठाव हाय. पोस्टातला गुंडाप्पा माझा दोस्त हाय. पत्र आलं की मला फोन करून सांगतो, "आज बी एक आलं." उघडून कुणी बघितलं न्हाय. मला वाटलं, तुझं लगीन जमतंय.

धा दिसांमागं रणधीरची बायको तुळजापूरहून आली. तेलाची बाटली चुलीपाशी ठिवली. म्या भाकरी खात हुतो. बाटलीकडं बघितलं आन् घास हातातच ऱ्हायला.

रणधीर म्हणला, "काय केस हैत! हैदराबादची नटी असंल." म्या म्हणलो, "असंल."

ती डावीकडची बट बाहेर वळल्याली. लग्नाच्या दुसऱ्या दिशी बानू घागर घिऊन पुढं चालली हुती आन् म्या मागनं. तवापासनं बघतुया. तेल लावा, वेणी घाला, ती बट कुणाचं ऐकत न्हाय. वेणीच्या शेवटाला बी डावीकडंच वळून बसती.

आई म्हणायची, केस सोडू नये. म्या गप बसायचो. आईफुडं काय बोलणार? बानूनं माझं बी तेच मत धरलं आसंल, ह्ये मला आत्ता ध्यानात आलं. खरं सांगू का, ती न्हाऊन घरामागं परड्यात केस वाळवायला बसायची तवा म्या दावणीची गाठ सोडायचो आन् परत बांधायचो, परत सोडायचो. तितनं नीट दिसायचं.

आता कळलं, ती पत्रं ह्याचीच हुती आन् कात्री तुझी. गोल केलंस ते बेस केलंस. टोक काढलं आसतंस तर मेंढराची शेपूट दिसली आसती. सरळ केलं आसतंस तर चालताना हललं नसतं. ह्ये तू कुठं शिकलीस, आं?

तिला कळवू नको. म्या येणार हाय मिरगाआधी, मीच सांगन. तोंडानं सांगन, गप बसणार न्हाय.

आन् एक. रणधीरला म्हणलो, ती बाटली मला दे. तर म्हणतो, तेल संपल्याबिगर देणार न्हाय, बायकूनं आणलीय. लेबल मला भंडाऱ्याच्या पिशवीत ठिवायचंय. म्हणून रोज सांजचं रणधीरला फुडं बसवतो आन् त्याच्या डोक्याला तेल चोळून देतो. लई चोळतो. तो म्हणतो, "बलभीम, तुला झालंय तरी काय?" म्या म्हणतो, "गप बस, तेल चांगलं हाय."

बाटली निम्म्यावर आलीय.

तुझा मामा,
बलभीम